रुळांकाठची पेठ

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) प्रवासी गाडी सुटली आणि अनेक पिढ्यांची प्रतीक्षा संपली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला तो १९९५ च्या सुमारास. २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, आणि तिथून बीड गाठायला आणखी तीन वर्षं गेली. आता फलाट आहे, फलक आहे, सिग्नल आहे. स्थानकाबाहेरची पेठ मात्र अजून वसायची आहे.

टेबलावर रेल्वे मांडणाऱ्यांची अडचणही हीच असते. रूळ जोडले, इंजिन फिरलं, बोगदा झाला, तरी स्थानकाच्या दाराशी चहाची टपरी, किराण्याचं दुकान आणि सायकलवाला नसेल तर गाडी कुठल्या गावात थांबते आहे हे कळत नाही. मॉडेल रेल्वेचा इतिहास सहसा इंजिनांचा म्हणून सांगितला जातो. त्यातल्या दुकानांचा मागोवाही घ्यावा असा आहे.

जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी रुळांसकट मांडली. त्या काळी सोबतीच्या इमारती पत्र्याच्या असत, आणि बहुतेक स्थानकांच्याच. दुकानं खऱ्या अर्थाने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, प्लॅस्टिकबरोबर. १९४६ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावी फालर बंधूंनी आपला कारखाना काढला. १९४७ मध्ये अमेरिकेत बाखमन ब्रदर्सने ‘प्लॅस्टिकव्हिल’ सुरू केलं. आधी निघाली कुंपणं. मग घरं, सुपरमार्केट, औषधांचं दुकान, खानावळ. डिंक लावायचा नाही, भिंतीला भिंत अडकवली की दुकान उभं. त्या वेळी ही दुकानं चालू जमान्याची होती. पोरांच्या गावातल्या हमरस्त्यावर जे होतं तेच टेबलावर आलं होतं. पुढे खरे हमरस्ते बदलले, ती दुकानं मिटली आणि तीच प्लॅस्टिकची खोकी जुन्या आठवणींचा ठेवा म्हणून जमवली जाऊ लागली. आजचं साधं दुकान तीस वर्षांनी काय होऊन बसतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांनी आणखी एक शहाणपण शिकवलं. ‘गोर अँड डॅफेटिड’ या त्यांच्या मांडणीतल्या भिंतींना पोपडे होते, पत्र्यांना गंज होता, पाट्यांचे रंग उडालेले होते. १९७३ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं आणि काही दिवसांतच ती मांडणी आगीत जळाली. पण दुकान वापरलेलं दिसलं पाहिजे हा धडा जगभरच्या हौशी लोकांनी त्यांच्याकडूनच उचलला.

महाराष्ट्रात या छंदाचं मोठं नाव म्हणजे पुण्याचे भाऊसाहेब जोशी. १९८० च्या दशकात त्यांनी आपली छोटी रेल्वे लोकांना दाखवायला सुरुवात केली. कोथरूडमधलं त्यांचं कायमस्वरूपी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुलं झालं. हॅम्बुर्गचं ‘मिनिएचर वुंडरलँड’ त्यानंतर तीन वर्षांनी, २००१ मध्ये उघडलं, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं. कोथरूडच्या मांडणीत गाड्यांइतकंच शहर महत्त्वाचं आहे. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल सगळं जागच्या जागी आहे आणि काळोख झाला की शहरात दिवे लागतात.

तयार संचांवर आपलं गाव उभं राहत नाही, हे मराठवाड्याची पेठ मांडू पाहणाऱ्याला पहिल्याच दुकानात कळतं. जर्मन घराचं छप्पर उतरतं, बर्फ घसरून पडावा म्हणून. बीड, अंबाजोगाई, धारूरच्या जुन्या वस्तीत माळवद असतं: लाकडी खण, वर माती, पांढरीचा थर, सपाट छत. खाली दगडी ओटा, ओट्यावर गादी, मागे पोत्यांची थप्पी. दुकान बंद करताना क्रमांक घातलेल्या फळ्या एकेक करून खाचेत बसवायच्या. असं दुकान कुठल्या युरोपीय संचात येणार?

रुळांचीही गंमत आहे. ‘एचओ’ हे प्रमाण १:८७ चं आणि त्यात दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटरचं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात तो १९ मिलिमीटरच्या वर जायला हवा. त्यामुळे तयार रुळांवर आपली गाडी नेहमीच थोडी अरुंद पायांवर उभी राहते. उलट इंग्रज अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची. ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि छोट्या ‘एन’ प्रमाणाचा नऊ मिलिमीटरचा तयार रूळ तिला जवळजवळ बिनचूक बसतो. बालाघाटावरचा माल बार्शीच्या पेठेत उतरत असे. ही रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. अडत, कापूस आणि गळिताच्या धान्याची दुकानं मांडायला याहून चांगला विषय सापडणं कठीण.

मग काळ ठरवायचा. बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला रेल्वे निजामाच्या राजवटीतच आली. त्या काळचं परळी करायचं तर पाट्यांवर उर्दू हवी, गल्ल्यात हाली सिक्का (निजामाचं चलन) हवा आणि डब्यांवर निजाम स्टेट रेल्वेचं नाव. १९५६ नंतर जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० नंतरच्या पेठेत मराठी पाट्या आणि रॉकेलची रांग शोभेल. १९९० चं दशक घेतलं तर पिवळी एसटीडी-पीसीओची खोली, कॅसेटचं दुकान आणि तासाच्या भाड्याने सायकल देणारा आलाच पाहिजे. एकाच मांडणीत हे तिन्ही काळ मिसळले की पेठ खोटी वाटते. परळीच्या औष्णिक केंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी चालवायची असेल तर शेजारी उर्दू पाटी आणि हाली सिक्का चालणार नाही, कारण ते केंद्र १९७० च्या दशकातलं.

करायला खर्च फारसा नाही. दहा फुटांची दर्शनी बाजू १:८७ मध्ये ३५ मिलिमीटर होते, दोन फुटांचा ओटा सात मिलिमीटर. भिंतीला मिलिमीटरभर जाडीचा पुठ्ठा पुरतो, फळ्यांना आइस्क्रीमच्या काडीच्या पातळ चिरफळ्या. नालीदार पत्र्याची लाट खऱ्या पत्र्यात साधारण तीन इंचांची, म्हणजे मॉडेलमध्ये ०.८८ मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या (एम५) मशीन स्क्रूचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल त्या आट्यांवर नखाने दाबत नेली की पत्रा तयार. त्यावर तांबूस रंग अगदी कोरड्या कुंचल्याने, खिळ्यांच्या रांगेत थोडा जास्त. आठवडी बाजार याहून सोपा: बांबूच्या चार चोया, जुन्या धोतराचं पाल, खाली सीताफळांचे ढीग. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याला मांडणीत जागा हवीच.

आणि हे हातकाम मराठी घरांना नवं नाही. दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार मांडणारी, गणपतीच्या आराशीत मखराभोवती आगगाडी फिरवणारी मुलं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फक्त किल्ल्यावर मावळे जितक्या आस्थेने बसतात तितक्या आस्थेने पायथ्याचं दुकान घडवलं जात नाही. ही उणीव भरून काढावी असं मनापासून वाटतं, कारण खरी दुकानं वेगाने जात आहेत. रस्ता रुंद होतो, माळवद उतरतं, फळ्यांच्या जागी शटर येतं, आणि त्या दर्शनी बाजूचं माप कुणाकडेच उरत नाही.

बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या वाचकांनी एवढं करावं: आपल्या पेठेतलं एखादं जुनं दुकान दुकानदाराच्या परवानगीने टेपने मोजावं. रुंदी, ओट्याची उंची, फळ्यांची संख्या, पाटीवरची अक्षरं टिपून ठेवावीत आणि समोरून सरळ एक फोटो घ्यावा. यंदाच्या दिवाळीत किल्ल्याशेजारी रूळ टाकायचे असतील तर सुरुवात त्याच दुकानापासून करावी.