हौशी कोणाला म्हणायचे?

गावच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण येते ती कागदाची. ज्या क्लबांना कार्यालय होते, सभासदांची वही होती, ढाली ठेवायला काचेचे कपाट होते, त्यांचा इतिहास झाला. वर्गणी गोळा करून चेंडू आणणाऱ्या आणि तो उसवला की शिवून पुन्हा खेळणाऱ्या पोरांचा झाला नाही. दलित साहित्यापुढे जो प्रश्न होता तोच इथेही आहे. ज्याच्याजवळ दप्तर नाही त्याचे जगणे इतिहासात कसे आणायचे?

अशा संघांना आपण सहजपणे ‘हौशी’ म्हणतो. या शब्दाची जात एकदा तपासली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात पैसे न घेता खेळणारा तो हौशी, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या 1879 च्या नियमाप्रमाणे मजुरीवर काम करणारा कारागीर किंवा श्रमिक हा हौशी ठरूच शकत नव्हता. हाताने राबला की खेळाडू बाटला! आपल्याला हा न्याय अपरिचित नाही. फुटबॉलमध्ये या मिजाशीला धक्का बसला तो 1883 साली. ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणी-कामगारांच्या संघाने इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात उमरावांच्या ईटन शाळेतील माजी विद्यार्थ्यांना 2-1 असे हरविले. सामन्यापूर्वी हे कामगार काही दिवस सरावासाठी समुद्रकाठी जाऊन राहिले होते. त्या दिवसांचा खर्च कुणीतरी उचलला म्हणूनच ते शक्य झाले. 1885 मध्ये पैसे घेऊन खेळण्यास रीतसर मान्यता मिळाली. प्रश्न हौसेचा नव्हता. बुडालेल्या रोजाचा होता.

आपल्याकडे 1911 साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते, हे कौतुकाने सांगतात. पण त्यातील बहुतेक शिकल्यासवरल्या मध्यमवर्गातले होते. अनवाणी पाय नेहमीच गरिबाचे नसतात. त्याच वर्षी पळवणकर बाळू यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात 114 बळी घेतले. पुण्यात याच माणसाला चहा वेगळ्या भांड्यात मिळत असे. फुटबॉलमध्ये अंगाला अंग भिडल्यावाचून चेंडू मिळत नाही. खेळ शिवाशिव मोडतो असे मी म्हणणार नाही, पण नव्वद मिनिटे तरी ती पाळता येत नाही.

कळमना हे नागपूर आणि कामठी यांच्या मधले गाव. कामठीला 1821 पासून लष्कराची छावणी. तिथेच 1942 मध्ये महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली. गावाजवळून पूर्वीच्या बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग जातो. पलटण आणि रेल्वे या फुटबॉलच्या देशभरातल्या दोन मोठ्या वाटा, आणि कळमना दोन्हींच्या शेजारी. पुढे इथे धान्य, फळे, मिरची यांचा मोठा बाजार आला. बाजारात पहाटे पोती उचलायची आणि सायंकाळी चेंडूमागे धावायचे, हे ज्यांच्या वाट्याला येते त्यांना हौशी म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

नागपूरच्या वस्त्यांतील फुटबॉलचे नाव झाले ते हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यामुळे. 2001 मध्ये त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. 2016 मध्ये त्यांच्या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला. काम मोठेच आहे. तरीही एक गोष्ट निसटते. पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे बारसे सरांना दिसली, म्हणजे खेळ वस्तीत होताच. संस्था पोरांसाठी चालते, क्लब पोरांचा स्वतःचा असतो. वर्गणी त्यांची, कप्तान त्यांनी निवडलेला, आणि भांडणेही त्यांचीच. हिशेब ठेवणे, सभा घेणे, हरल्यावर पुन्हा एकत्र येणे हे सारे पोरे तिथेच शिकतात. ज्यांना गावच्या पंचायतीत बसू दिले नाही त्यांच्या पोरांची ती पहिली पंचायत.

असा क्लब मरतो तो बहुधा जमिनीमुळे. नियमाप्रमाणे मैदान किमान 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद लागते. हिशेब केला तर जवळजवळ बरोबर एक एकर! भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांना 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह करावे लागले. जिथे कसायला एकर मिळत नाही तिथे खेळायला कोण देणार? पोरे खेळत असतात ती दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. शहर वाढते, ले-आउट पडतात, रस्ते सोडूनही त्या एकरात वीसेक प्लॉट बसतात, आणि गोलपोस्टचे बांबू कुंपणाला जातात.

म्हणून विद्यार्थ्यांनी हा इतिहास गोळा करताना ढालींपासून सुरुवात करू नये. जुन्या गोलकीपरला सोबत घेऊन जागेवर जावे. मौजा कोणता, खसरा क्रमांक कोणता, सातबारा तेव्हा कोणाच्या नावावर होता, खेळ कोणत्या वर्षी थांबला, आणि आज तिथे काय उभे आहे, हे त्याच्या तोंडून लिहून घ्यावे.