खासगी आयुष्य आणि निवडणुकीतले तर्कदोष
१८८४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अविवाहित ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना मूल असल्याचा आरोप झाला. ‘असा माणूस देश काय चालवणार?’ असा गदारोळ उठला. खासगी वर्तनावरून थेट कारभाराचा निष्कर्ष काढणे, हा पहिला तर्कदोष. ‘मग तुमचे उमेदवार जेम्स ब्लेन कुठे स्वच्छ आहेत?’ हा दुसरा. एकाच्या डागाने दुसऱ्याचा डाग धुतला जात नाही. मात्र ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांसाठी पद वापरल्याचा आरोप होता. तो कारभाराशीच निगडित होता. क्लीव्हलंड प्रकरणातही त्या मुलाच्या आईच्या नावे जबरदस्तीचा आरोप छापून आला. तो ‘खासगी बाब’ म्हणून झटकणे, हा तिसरा दोष. म्हणून प्रत्येक आरोपाला दोन प्रश्न विचारावेत: पुरावा काय आणि पदाशी संबंध काय?