वाळूची कोर उलटी कशी होते?

राजस्थानच्या थर वाळवंटात उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटतो. वाळूचे जाड कण फार उंच उडत नाहीत, जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. म्हणून गुडघाभर झुडूपसुद्धा त्यांना अडवतं.

उघड्या टेकडीच्या कडा पुढे धावतात आणि चंद्रकोर होते. टोकं वारा जातो तिकडे. पण कडांवर सेवण गवत, फोग रुजलं की त्या जागीच राहतात, मधलं पोट पुढे सरकतं. कोर उलटी! थरमध्ये अशाच टेकड्या पुष्कळ. फोगची मुळं कोळशासाठी खणली, की वाळू सुटून शेतात शिरते.

जोधपूरच्या 'काझरी' संस्थेची रीत अशी: वाळक्या झुडपांच्या ओळी वाऱ्याला आडव्या रोवायच्या, पावसाळ्यात आडोशाला रोपं लावायची. चराई मात्र बंद. चारा-सरपण आणणाऱ्या बायांना न विचारता ही बंदी कशी टिकेल?