मागून चिकटणारी गाडी

व्यापारी बंधूंनो, मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन ट्रक भिवंडीला निघाला की कसारा घाटाच्या उतारावर मागची गाडी हमखास चिकटते. हॉर्न आणि डिपर चालूच. आपला ड्रायव्हर चिडतो आणि मुद्दाम ब्रेक मारतो. हे साफ चुकीचे! मागच्याला थांबायला जागाच उरत नाही. कदाचित त्याचे ब्रेकच गेलेले असतील.

त्यापेक्षा पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे, म्हणजे एकदम ब्रेक दाबायची पाळी येत नाही. उतारावर गिअर खालचाच ठेवावा, डावी बाजू धरून त्याला जाऊ द्यावे. मागचे लाल दिवे निघतानाच पाहावेत. लोंबणाऱ्या ताडपत्रीने ते झाकले जातात.

आणि 'सकाळी माल पोचलाच पाहिजे' हे बोलणे आपणही सोडावे. मी स्वतः वर्षानुवर्षे ते बोलत आलो.