हँगरमधली धूळ, चाळीस वर्षांनंतरचा आजार

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली, की आपण वयाला किंवा सिगारेटला दोष देतो. पण हाच माणूस तरुणपणी हवाई दलात विमानांचे ब्रेक दुरुस्त करत असेल किंवा तळावरचे बॉयलर सांभाळत असेल, तर डॉक्टरांनी त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तिथे ॲस्बेस्टॉस होते का?

दुसऱ्या महायुद्धापासून १९७०च्या दशकापर्यंत अमेरिका आणि ब्रिटनच्या हवाई तळांवर या खनिजाचा सर्रास वापर होत असे. ते जळत नाही, उष्णता अडवते आणि स्वस्तही पडते. त्यामुळे विमानांचे ब्रेक, इंजिनातील गॅस्केट, गरम पाइपांवरील वेष्टन, हँगरचे पत्रे, बराकींतील फरश्या अशा अनेक ठिकाणी ते असे. पक्के बसवलेले, न फुटलेले ॲस्बेस्टॉस सहसा त्रास देत नाही. ते कापले, घासले किंवा तोडले की मात्र धूळ उडते. म्हणूनच सर्वाधिक झळ बसली ती मेकॅनिक, प्लंबर आणि इमारतींची डागडुजी करणाऱ्यांना.

या धुळीतले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे ते फुप्फुसात खोलवर जातात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात, पण लांब तंतू त्यांना पुरते गिळता येत नाहीत. तंतू तिथेच रुततात आणि त्या जागी वर्षानुवर्षे दाह होत राहतो. काहींची फुप्फुसे त्यामुळे कडक होत जातात, हा ॲस्बेस्टॉसिस. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो. धूम्रपानाची जोड असेल तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तिसरा आजार म्हणजे मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. १९६०मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्याचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला. त्यांतल्या काहींनी खाणीत कधी कामही केले नव्हते; ते नुसते खाणींच्या परिसरात राहिले होते.

मेसोथेलिओमा दिसायला साधारण २० ते ५० वर्षे लागतात. निदान झाल्यावर मात्र बहुतेकांच्या हाती वर्ष-दीड वर्षच उरते. एवढ्या काळात तळ बंद झालेला असतो, सोबती पांगलेले असतात, कागदपत्रे हरवलेली असतात. अमेरिकेत भरपाई मागणाऱ्या माजी सैनिकाला आजाराचे निदान, सेवेतील कामाची नोंद आणि दोन्हींचा संबंध जोडणारे डॉक्टरांचे मत द्यावे लागते. ब्रिटनमध्ये तर १९८७पूर्वी सेवेत असताना झालेल्या अपायासाठी सैनिकांना सरकारविरुद्ध दावाच लावता येत नव्हता. अखेर डिसेंबर २०१५मध्ये तिथल्या सरकारने मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १ लाख ४० हजार पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय जाहीर केला. तोपर्यंत त्यांच्यासाठी मुख्यतः हप्त्याहप्त्याने मिळणारे निवृत्तिवेतनच होते, आणि ते घ्यायला माणूस फार काळ जगत नसे.

नोंदींचे हे मोल आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले होते. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवा, असा आदेश न्यायालयाने जानेवारी १९९५मध्ये दिला. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आजही घरांवर आणि गोठ्यांवर दिसतात, त्यामुळे हा विषय परदेशापुरता नाही.

फुप्फुसात रुतलेले तंतू काढून टाकणारे औषध नाही. म्हणून लष्करात, गोदीत, रेल्वे वर्कशॉपमध्ये किंवा पत्र्यांच्या कारखान्यात काम केलेल्यांनी कुठे, कोणत्या वर्षी आणि कोणते काम केले ते लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना आपणहून सांगावे. धूळ लागलेल्या प्रत्येकालाच आजार होतो असे नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण धूम्रपान सोडावे. दम लागणे, सततचा कोरडा खोकला किंवा छातीत दुखणे अंगावर काढू नये. छातीचा एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. घरावरचे जुने पत्रे स्वतः कापू किंवा फोडू नयेत, आणि ते फुटलेच तर कोरडा झाडू न मारता आधी पाणी शिंपडावे.