वाळ्याची ताटी आणि कोराडीचे मनोरे

मराठीच्या मास्तराने वीजकेंद्राविषयी लिहावे, हा वाचकांना थोडा आगाऊपणाच वाटेल. पण नागपूरकराला या विषयाची निम्मी विद्या घरबसल्या येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढला की खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी मारावे, हे आमच्या आज्यांनाही ठाऊक होते. मागाहून कूलर आले. आता तर मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड आले आहेत.

कोराडीचे डमरूच्या घाटाचे ते मनोरे म्हणजे या कूलरचे थोरले बंधूच! फरक इतकाच, की कूलर आपल्यासाठी हवा गार करतो, मनोरा यंत्रासाठी पाणी. वर दिसतो तो धूर नव्हे, बाष्पाचा ढग. गरम पाणी वरून पडते, हवा खालून चढते. १०० लिटरांतले एक लिटर वाफ होऊन गेले, की उरलेले सुमारे ६ अंशांनी निवते. हवेशी पाण्याची गाठ जितकी अधिक पडेल तितके बरे, म्हणून मनोऱ्याच्या पोटात भरण घालतात. कारखान्यातली मंडळी त्याला ‘फिल’ म्हणतात.

त्याची घराणी दोन. एकात आडव्या पट्ट्यांवर आपटून पाण्याचे थेंब फुटतात. पूर्वी या पट्ट्या लाकडी असत. दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या नागमोडी पातळ पत्र्यांवरून पाणी पापुद्र्यासारखे ओघळते. थोड्या जागेत अधिक गारवा देते ते हे दुसरे. मग पहिले घ्यावे कोणी?

इथे पाणी पाहावे लागते. भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून वीजकेंद्राला देण्यासाठी रोज १३ कोटी लिटरांचा प्रकल्प २०१५च्या सुमारास उभा राहिला. हे पाणी शुद्ध केलेले खरे, पण जंतूंना आवडणारे अन्न त्यात उरतेच. अरुंद फटींत शेवाळी चिकटा धरतो, त्यावर गाळ बसतो, हवेची वाट बुजते. पाणी नीट निवले नाही, की तेवढ्याच विजेला कोळसा जास्त लागतो. कधीकधी साचलेल्या गाळाच्या भाराने भरणच खाली कोसळते. म्हणून अशा पाण्याला रुंद, उभ्या वाटांचे पत्रे किंवा ते जुने थेंब फोडणारे घराणेच मानवते.

त्यापायी मनोरा मोठा बांधावा लागतो, पैसाही जास्त पडतो. माझ्या मते तो द्यावा. यंत्रांची तहान सांडपाण्यावर भागली, तर तेवढे पेंचचे पाणी नागपूरच्या नळांना उरते.