कानबान फलक

कानबान फलक हे गटाने मिळून करावयाच्या कामांचे नियोजन करण्याचे दृश्य साधन आहे. फलकावर कामाच्या टप्प्यांचे उभे रकाने आखतात, प्रत्येक कामासाठी एक चिठ्ठी लावतात आणि काम पुढे जाईल तशी ती पुढच्या रकान्यात सरकवतात. कोणते काम कोणाकडे आहे आणि ते कोठे अडले आहे, हे गटातील प्रत्येकाला एका दृष्टिक्षेपात कळावे, हा त्याचा हेतू असतो. 'कानबान' या जपानी शब्दाचाच अर्थ पाटी किंवा फलक असा आहे. त्यामुळे 'कानबान फलक' ही द्विरुक्ती असली, तरी ती रूढ झाली आहे.

इतिहास

ही पद्धत जपानमधील टोयोटा या मोटारनिर्मिती कंपनीत ताइची ओनो (१९१२–१९९०) या अभियंत्याने विकसित केली. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये ग्राहक हवा तेवढाच माल उचलतो आणि रिकामी झालेली जागा तेवढीच भरली जाते, या व्यवहारावरून ओनो यांना तिची कल्पना सुचली. १९५३ मध्ये टोयोटाच्या यंत्रशाळेत ती अमलात आली. सुट्या भागांच्या पेटीबरोबर एक चिठ्ठी असे. भाग वापरले गेले की चिठ्ठी मागच्या विभागाकडे परत जाई आणि ती आल्यावरच तेथे नवे भाग तयार केले जात. त्यामुळे अनावश्यक साठा टळला.

डेव्हिड अँडरसन यांनी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील एका संगणकप्रणाली-देखभाल गटाच्या कामात हे तत्त्व वापरले. २०१० मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि कार्यालयीन कामातही पद्धतीचा प्रसार झाला.

रचना

सर्वांत साध्या फलकावर 'करावयाचे', 'चालू' आणि 'पूर्ण' असे तीन रकाने असतात. त्यासाठी भिंत, खडू आणि कागदाच्या चिठ्ठ्या पुरेशा होतात. चिठ्ठीवर कामाचे नाव, जबाबदार व्यक्ती आणि सुरुवातीची तारीख लिहितात. अडलेल्या कामाच्या चिठ्ठीवर वेगळी खूण करतात. गट ठरावीक वेळी फलकासमोर जमतो आणि पूर्णत्वाच्या जवळ असलेल्या कामांपासून आढावा घेतो.

चालू कामांची मर्यादा

एका वेळी किती कामे हाती असावीत, याची मर्यादा हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय. ती नसेल, तर फलक केवळ कामांची यादी ठरतो. रकाना भरला की त्यात नवी चिठ्ठी घेत नाहीत. मोकळ्या व्यक्तीने अडलेल्या टप्प्यावर मदत करावी, अशी अपेक्षा असते.

यामागील गणित 'लिटलचा नियम' म्हणून ओळखले जाते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. कामाचा ओघ स्थिर असताना एका कामास लागणारा सरासरी काळ म्हणजे हाती असलेली कामे भागिले ठरावीक काळात पूर्ण होणारी कामे. हाती १२ कामे असून आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर प्रत्येकास सरासरी ४ आठवडे लागतात. वेग तोच ठेवून हाती ६ कामे घेतल्यास २ आठवडे पुरतात.

उदाहरण : बांबूचे काम

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा सामूहिक वनातील बांबूची तोड व विक्री करतात. अशा कामाचा फलक कसा असू शकेल, हे स्पष्टीकरणापुरते पुढीलप्रमाणे मांडता येते. जंगलाच्या एकेका भागासाठी एक चिठ्ठी असते आणि रकाने 'निवड', 'तोड', 'मोजणी', 'वाहतूक परवाना', 'वाहतूक' व 'मजुरीवाटप' असे असतात. निवडीच्या टप्प्यात पक्व बांबू ठरवून कोवळे कोंब राखले जातात. तोडीची मर्यादा ३ असेल आणि मोजणी मागे पडली असेल, तर चौथ्या भागात तोड सुरू होत नाही; तोडणारे मोजणीला हातभार लावतात. अन्यथा तोडलेला बांबू जंगलात पडून किडतो आणि मजुरांचे पैसेही अडकतात. 'मजुरीवाटप' हा स्वतंत्र रकाना असल्याने, मजुरी हाती पडेपर्यंत काम पूर्ण झाले असे धरले जात नाही.

मर्यादा

फलक अडथळा दाखवतो. तो दूर करण्याचा अधिकार गटाकडे असेलच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते. तरीही वाहतूक परवाना वनविभागाच्या हाती असल्याने विक्री अडली. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तिका ग्रामसभेकडे सोपवण्यात आली, तेव्हा हा अडथळा दूर झाला. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने प्राधिकृत केलेली व्यक्ती यांना मिळाला.

याशिवाय, चिठ्ठ्या वेळेवर न हलवल्यास फलक दिशाभूल करतो. क्वचितच टप्पे बदलणाऱ्या, एकट्याने करावयाच्या कामांत त्याचा उपयोग मर्यादित राहतो.